माझा जर्मन आणि आईचा आडाळो

आमच्या घरात एक जर्मन माणूस गेली कित्येक वर्षं येऊन-जाऊन आहे. त्याला मरून दोनशे वर्षं होत आली, मालवण त्याने नकाशातसुद्धा पाहिलं नसेल, आणि त्याचं नाव घरात कुणालाच धड उच्चारता येत नाही. म्हणून तो नुसता 'जर्मन'. "तुझो जर्मन काय म्हणता?" असं आई मला फोनवर विचारते, तेव्हा तिचा सूर नावडत्या जावयाची चौकशी केल्यासारखा असतो. मी लग्न केलं नाही. ती रिकामी जागा आईने बहुतेक त्यालाच देऊन टाकली आहे.

त्याला घरात आणलं मीच. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवते, म्हणजे पहिल्या वर्षाच्या कोवळ्या पोरांना मेलेल्या माणसाची ओळख करून देते. मी स्वतः पहिल्या वर्षाला होते तेव्हा आमच्या सरांनी ह्या जर्मनाची गोष्ट सांगितली आणि मी त्याच्या प्रेमातच पडले. त्याचे आजोबा शरीरशास्त्रज्ञ, वडील शरीरशास्त्रज्ञ. घरात जिकडे बघावं तिकडे हाडं आणि बरण्या. पोराला लहानपणी ह्या सगळ्याचा मनस्वी तिटकारा होता म्हणे. हा धंदा करायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. आणि शेवटी केला तोच, तोही आजोबा-वडिलांच्या वरताण.

मला हे तेव्हाच पटलं. माझं घर समुद्राच्या काठाला. पुढच्या अंगणात जाळी वाळत घातलेली, मागच्या अंगणात मासळी. शाळेत माझ्या वह्यांनासुद्धा वास यायचा. ह्या वासातून एकदाची सुटका करून घ्यायची म्हणून मी जीव तोडून अभ्यास केला, मुंबई गाठली, आणि पोचले कुठे तर फॉर्मॅलिनच्या हौदापाशी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

जर्मनाच्या काळी शरीररचना आणि रोगनिदान ही दोन खाती वेगळी झाली नव्हती. माणूस उघडायचा, आणि आत जे नीट आहे तेही बघायचं, जे बिघडलंय तेही बघायचं. ह्याला बिघडलेलं बघण्याची जास्त आवड. जन्मतःच वेगळी असलेली बाळं, म्हणजे कुणाची बोटं जुळलेली, कुणाचा ओठ फाटलेला, त्याने जमवली, मापली, चित्रं काढली. लोक म्हणायचे, हा देवाचा कोप. नाहीतर म्हणायचे, बाळाच्या आईला दिवस असताना ससा आडवा गेला, म्हणून बाळाचा ओठ सशासारखा झाला. जर्मन म्हणाला, कोप नाही आणि ससा नाही. पोटात बाळाचा ओठ आधी वेगवेगळ्या तुकड्यांचाच असतो, सगळ्यांचाच. पुढे ते तुकडे एकमेकांना येऊन मिळतात. एखाद्याचे मिळायचे राहून जातात, वाढ तेवढ्यापुरती मध्येच थांबते. इतकंच.

सर हे सांगत होते आणि मला माझा दादा दिसत होता.

दादा माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा. जन्मला तो वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला घेऊन. पुढे तालुक्याला शिबिर लागलं तेव्हा एका डॉक्टरने तो शिवून दिला, आणि मिसरूड फुटल्याबरोबर दादाने त्यावर जी मिशी चढवली ती आजतागायत उतरवलेली नाही. वाडीतल्या पोरांनी त्याला काय काय नावं ठेवली ते लिहीत नाही. पण नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला कारण ठाऊक होतं. कारण वाडीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. आमची आई दिवस गेलेली असताना ग्रहणात आडाळ्यावर बसली होती.

आडाळो म्हणजे विळी. ते मोठं सूर्यग्रहण होतं, भर दुपारी रस्ते ओस पडले होते ते. आई बाजारात मासळी विकायची. त्या दिवशी गिऱ्हाईक फिरकलंच नाही. ग्रहणात मासळी कोण घेणार? टोपली भरून बांगडे तसेच राहिले. आमच्या आईला देवाने संताप दिला तसा काटकसरीचा रोगही दिला. एवढा माल कुजू कसा द्यायचा म्हणून ती घरी आली, दार लोटून आडाळ्यावर बसली, आणि सगळे बांगडे कापून मिठात घातले. सासूने दारातून बघितलं. पुढे मुलाचा ओठ बघितला. मग काय, निकाल लागला. ससा तिकडे, ग्रहण इकडे. आरोपी मात्र दोन्हीकडे आईच.

त्या दिवसापासून आईने मासळी कापली नाही. एकदाही नाही. हे ज्याने मालवणी घर पाहिलं नाही त्याला कळायचं नाही. मासळी विकणारी बाई आणि मासळी कापत नाही! बाजारात ती अख्खी मासळी द्यायची, आणि कापून हवी असेल त्याला शेजारच्या बाईकडे पाठवायची. निम्मी गिऱ्हाइकं त्या शेजारणीचीच झाली, तरी हिने आडाळ्याला हात लावला नाही. घरात आधी बाबा कापायचे, ते गेल्यावर दादा. दादा होडीवरून उतरायचा आणि हातपाय धुवून थेट आडाळ्यावर. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटायचं. मला फार राग यायचा, आणि कुणावर काढावा ते कळायचं नाही.

म्हणून त्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी जर्मनाला घेऊन वाऱ्यासारखी घरी आले. आईला समोर बसवलं, कागदावर चित्र काढलं, तुकडे कसे एकमेकांकडे येतात ते दाखवलं. वाढ मध्येच थांबली आये, बस, तुझा काही संबंध नाही. आईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वाढ थांबली, बरा. पण थांबली कित्याक? मिया आडाळ्यार बसलंय म्हणान."

जर्मनाने एवढी हाडं झिजवली आणि आमच्या आईने त्याचा सगळा सिद्धांत दोन वाक्यांत आपल्या पदरात गुंडाळून टाकला.

मी हरणारी नव्हे. पुढची कित्येक वर्षं, सुट्टीला आले की मी ग्रहण म्हणजे नुसती सावली हे समजावत असे. कधी लिंबू आणि बॅटरी घेऊन, कधी नारळ घेऊन. फळ काय, तर पालथ्या घड्यावर पाणी. दादा मध्येच म्हणायचा, "सोड गो, कित्याक तिका पिडतंस?" तो होडीवरचा माणूस, त्याला वारा नसताना शीड ओढणं आवडत नाही.

दादाचं लग्न उशिरा झालं. मुली नको म्हणायच्या. कारण मिशीखाली होतं. अखेर कुडाळच्या बाजूच्या, भात-काजूवाल्या घरातली एक मुलगी हो म्हणाली, आणि ती अशी फटकळ निघाली की आईला तोंड द्यायला घरात प्रथमच कुणीतरी मिळालं. ही माझी वहिनी. वयाने माझ्याहून लहान, पण मान वहिनीचा. तिने पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली, आणि पाहुण्यांना सोलकढी पाजून पाजून आमच्या आईपेक्षा जास्त ओळखी केल्या. तिला दिवस गेले, आणि नेमकं दिवाळीत सूर्यग्रहण आलं.

मी सुट्टीवर घरीच होते. आईने आठ दिवस आधीपासून तयारी चालवली होती, जणू वादळ येणार आहे. फोनवर येणारे ग्रहणाचे नियम ती वहिनीकडूनच वाचून घ्यायची आणि वहिनीलाच लावायची. कापायचं नाही, चिरायचं नाही, दुमडायचं नाही, शिवायचं नाही, झोपायचं नाही. उन्हं कलायला लागली तशी वहिनीला माजघरात, खिडक्या बंद करून, पाटावर बसवलं. दादाला ह्या बायकांच्या राज्यातून आईने बाहेरच काढला. सकाळचे बांगडे बर्फात घालून तो होडीकडे गेला.

"माका बाथरूमाक तरी जावक गावतला मा?" वहिनीने विचारलं.

"जा. पण वाटेत काय मोडू नको, दुमडू नको," आई म्हणाली.

आता त्या पोरीने अंधारात बसून करायचं काय? मी तिला जर्मनाची गोष्ट सांगायला घेतली. आई दाराच्या चौकटीत, आमच्याकडे पाठ करून, माळ ओढत बसली होती. ऐकत नाही असं दाखवण्यात आमची आई फार हुशार. माळेचे मणी थांबले की समजावं, ऐकतेय.

मी जर्मनाच्या वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांनी मरताना लिहून ठेवलं होतं की माझा देह जाळू-पुरू नका, उघडून तपासा, आणि माझा सांगाडा आपल्या संग्रहात ठेवा. मुलाने ते ऐकलं. बाप मरूनही घरच्याच कपाटात उभा राहिला.

"आणि तो भिलो नाय?" वहिनी म्हणाली.

मणी थांबले. "बापाशीक असो उभो करून ठेवल्यान?" चौकटीतून आवाज आला. "दिवस तरी घातल्यान काय नाय?"

मी म्हटलं, ते काही पुस्तकात नाही. मग जर्मनाचं भांडखोरपण सांगितलं. बरोबरीच्या विद्वानांशी त्याचं क्षणभर पटत नसे, लिहिताना शब्दाचे चिमटे काढायचा, विद्यार्थ्यांना घाम फोडायचा. "तुझ्यासारखोच," आई म्हणाली. मी ते सोडून दिलं. मग त्याचं एक मत सांगितलं की पोटातलं बाळ वाढताना आधी खालच्या प्राण्यांसारखं, माशासारखं असतं आणि हळूहळू माणूस होतं. आता असं कुणी शिकवत नाही, ते तसंच्या तसं खरं नाही हे पुढे कळलं. पण सुरुवातीला बाळाच्या गळ्याशी कल्ल्यांच्या जागी असाव्यात तशा घड्या असतात, हे मात्र मी दरवर्षी मुलांना दाखवते.

"म्हणजे सगळे आदी मासेच?" आईने विचारलं.

"जवळजवळ."

"ह्या सांगूक जर्मन कित्याक व्हयो?" ती म्हणाली. पण ती वळून बसली होती. जर्मनाचं आमच्या घरात पहिल्यांदाच काहीतरी पटलं होतं.

बाहेर उजेड मळका व्हायला लागला होता. वहिनीची पाठ आखडली होती, तिने पाय लांब केला आणि पायाशी पडलेलं वर्तमानपत्र दुमडलं गेलं. काही नाही, नुसती एक घडी पडली. आई ताडकन उठली आणि वर्तमानपत्रापाशी येऊन वाकली. एवढ्या वर्षांत मी तिला चिडलेली पाहिली होती, घाबरलेली नाही. ती वर्तमानपत्र हाताने पुन्हा पुन्हा सपाट करत होती. मला तिचा राग यायचा तो त्या क्षणी गेला. माझ्या लक्षात आलं की ही सुनेवर राज्य गाजवत नाहीये; ही आपल्या मुलाचा ओठ दुसऱ्यांदा फाटताना बघत बसली आहे.

मी तिला धरून खाली बसवलं. म्हटलं, "आये, वयनीची सोनोग्राफी झाली मा? बाळाचो ओठ जुळलेलो दिसलो. डॉक्टरांनी सांगल्यानी. जुळलेलो ओठ परत फाटणा नाय."

"माका सांग नको. माझ्या वक्ताक मशीन खंय होता? माझ्या झिलाचो पण ओठ आदी बरोच आसतलो. सातव्यात मिया आडाळ्यार बसलंय आणि..."

"थांब," मी म्हटलं. "सातव्यात?"

"मगे? ओटी भरून झाली होती. पोट इतक्या मोठा, सरळ बसाक जमला नाय. एका बाजून बसान कापलंय."

गोष्ट मी जन्मापासून ऐकत आले होते. सासू सांगायची, शेजारणी सांगायच्या, आई स्वतः सांगायची. प्रत्येक वेळी 'पोटात असताना' एवढंच. कितवा महिना हे कुणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्याला त्याची गरज नव्हती. आणि मी लिंबू फिरवत बसले होते. सूर्य, चंद्र, पृथ्वी सगळी आकाशातली मंडळी कामाला लावली, आणि उत्तर आईच्या ओटीत होतं.

मी सावकाश सांगितलं, वर्गात सांगते त्याहून सावकाश. "आये, ओठ दुसऱ्या म्हयन्यात जुळता. जुळलो तर तेव्हाच, नाय जुळलो तर तेव्हाच. सातव्या म्हयन्यात तू कितीय मासे काप, ओठाक काय होणा नाय. तेव्हा तो कधीचोच तसो होतो."

बोटांच्या पेरांवर आई काहीतरी मोजत होती. वहिनीसुद्धा गप्प होती, आणि हे आमच्या घरात ग्रहणापेक्षा दुर्मिळ.

"मिया आडाळ्यार बसलंय," आई म्हणाली, "तेव्हा तो आत तसोच होतो."

"तसोच."

"सासूक ह्या ठावक नाय होता."

"कोणाकच ठावक नाय होता."

मला वाटलं, झालं. पण आई इतक्या स्वस्तात सुटणारी बाई नाही. तिने विचारलं, "आणि दुसऱ्या म्हयन्यात? तेव्हा मिया काय केलंय?"

आता ही दुसरा गुन्हा शोधायला निघाली होती. एवढी वर्षं वागवलेलं ओझं उतरवल्यावर माणसाला मोकळ्या हातांचं काय करावं कळत नाही, तसं तिचं झालं होतं. खरं कारण तिला सांगायला माझ्यापाशीही नव्हतं. कधी ते घराण्यातून येतं, कधी कुठूनच येत नाही. जर्मनालाही ते सापडलं नाही आणि आम्हालाही पुरतं सापडलेलं नाही. मी हे सांगायला तोंड उघडणार, तोच ती स्वतःच बोलली.

"दुसऱ्या म्हयन्यात," ती म्हणाली, "माका दिवस गेले हीच खबर नाय होती गो."

"नाय होती," मी म्हटलं. वहिनीने पाटावरूनच हात लांब करून आईचा पाय धरला.

पाय धरण्यावर नियमात काही म्हटलेलं नव्हतं.

सूर्य त्या दिवशी ग्रहण लागलेलाच मावळला. आता ग्रहण सुटलं म्हणायचं की नाही ह्यावर आजूबाजूच्या घरांत वाद सुरू झाला. कुणी म्हणे उद्याचा स्वच्छ सूर्य बघितल्याशिवाय जेवायचं नाही. आईने आमच्यापुरता निकाल दिला. "तो समुद्रात गेलो, न्हालो, सुटलो. आमी पण न्हावया आणि जेवया." वहिनीला अंघोळीला पाठवताना मात्र तिने बजावलं की आज विळी-सुरीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, आत्ताच तर सगळं समजलं ना? "ता तुझ्या जर्मनाचा," आई म्हणाली. "ह्या माझा." सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच.

दादा आला. बर्फातले बांगडे काढून धुतले, मागच्या पडवीत आडाळो मांडला आणि नेहमीसारखा त्यावर बसला. त्याला आत काय घडलं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगणार होते, पण आई न्हाणीतून बाहेर आली. ओले केस तसेच गुंडाळलेले. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ऊठ रे."

"कित्याक?"

"ऊठ. माका बसाक दी."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ऊठ दादा. तो उठला, आणि उठल्यावर हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. आईने लुगड्याचा काठ आवरून आडाळ्याच्या पाटावर पाय ठेवला. पहिला बांगडा तिने दोन्ही हातांत नुसता धरला. पात्याला लावला तेव्हा जरा वाकडा गेला, डोक्याबरोबर पाठीचंही थोडं मांस गेलं. "धार लावूक नाय," ती पुटपुटली. दुसरा बांगडा सरळ गेला. तिसऱ्याला तिचे हात सगळं आठवून बसले होते. डोकं, पोट, शेपटी, हात मागे न बघता चालले होते. वहिनी दारात टॉवेल घेऊन थांबली होती. मी भिंतीला टेकून उभी होते आणि सरळ रडत होते, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

आईने मान वर केली नाही.

"तुझो ओठ मिया कापूक नाय रे, झिला," ती म्हणाली.

दादाचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"ता माका ठावक होता, आये."

"माका नाय होता," आई म्हणाली, आणि पुढचा बांगडा उचलला.